हप्ता आधी मनात थकतो

महिन्याची बारा तारीख उलटली की आमच्या पतपेढीत थकबाकीची यादी निघायची. लालबागमधल्या एका जुन्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं आणि मी तिथे कर्जाच्या टेबलावर बावीस वर्षं काढली. यादी हातात आली की फोन लावायला बसायचं. पहिल्या दोन वर्षांतच एक गोष्ट लक्षात आली, आणि तिचं उत्तर शोधण्यात पुढची बरीच वर्षं गेली. ज्याच्याकडे खरोखर पैसे नसायचे तो बहुतेक वेळा फोन उचलायचा. "ताई, या महिन्यात ओव्हरटाइम नाही मिळाला, पंचवीसपर्यंत थांबा," असं सांगायचा आणि चोवीसला येऊन पावती फाडून जायचा. याउलट पगार नियमित, घरात दोघं कमावते, अशांपैकी काही जण फोनच उचलायचे नाहीत. रिंग वाजून वाजून बंद व्हायची.

कर्ज थकलं की आपण दोनच कारणं धरतो. एक तर ऐपत नाही, नाहीतर नियत नाही. या दोहोंच्या मधे तिसरी गोष्ट बसलेली असते, ती म्हणजे माणसाची पैशाकडे बघायची लहानपणापासूनची सवय. पगार तोच, कर्ज तेवढंच, व्याजाचा दरही तोच. तरी एकाचा हप्ता कधी चुकत नाही आणि दुसऱ्याचा तिसऱ्या महिन्यापासून डगमगायला लागतो. त्यामागे बहुतेक ही सवय असते.

कर्ज देणाऱ्याला ती सवय थेट दिसत नाही. त्याच्यासमोर पगाराची स्लिप असते, चालू असलेल्या हप्त्यांचा आकडा असतो आणि सिबिलचा स्कोअर असतो, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली यावरून दिलेले गुण. हा स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो. १ जानेवारी २०२५ पासून बँका आणि फायनान्स कंपन्यांना कर्जदारांची माहिती सिबिलसारख्या संस्थांना निदान दर पंधरवड्याला पाठवावी लागते, त्यामुळे चुकलेला हप्ता आता लवकर उमटतो. पण स्कोअर मागे काय झालं एवढंच सांगतो, का झालं ते त्यात नसतं. नोकरी गेली म्हणून चुकलेला हप्ता आणि बँकेचं पत्र फोडायची भीती वाटली म्हणून चुकलेला हप्ता, दोन्ही तिथे सारखेच दिसतात.

ब्रॅड क्लॉन्ट्झ या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये पैशाबद्दलच्या अशा मुरलेल्या समजुतींचे चार गट मांडले. पैसा टाळणारे, पैशाला देव मानणारे, पैशात प्रतिष्ठा बघणारे आणि पैशाबाबत सावध राहणारे. नावं परकी असली तरी माणसं आपल्याच घरातली आहेत. "पैसा काय, हाताचा मळ आहे," म्हणत बँकेचं पत्र फ्रिजवर न फोडता ठेवणारे काका पहिल्या गटातले. "एकदा पैसा आला की सगळं सुरळीत होईल," म्हणत चालू धंदा सावरायच्या आधी दुसऱ्यासाठी कर्ज काढणारा भाऊ दुसऱ्या गटातला. पासबुकावर दर महिन्याला नोंद करून घेणारी आजी चौथ्या गटातली. तिच्यापासून बँकेला कधीच त्रास नसतो, फक्त कधी कधी तिला स्वतःलाच असतो, कारण गरज असूनही ती कर्ज काढायला घाबरते. या समजुती बहुतेक लहानपणी घरात बघूनच तयार होतात आणि आपल्या मनात त्या आहेत हे आपल्याला ठाऊकही नसतं.

तिसऱ्या, प्रतिष्ठा बघणाऱ्या गटावर मी जरा जास्त थांबते, कारण माझ्या टेबलावर तोच जास्त यायचा. 'ऋण काढून सण' हा आपल्या भाषेतला जुना शब्दप्रयोग आहे, म्हणजे ही गोष्ट आपल्याला आजच कळलेली नाही. लग्नासाठी ५ लाखांचं पर्सनल लोन घेतलं, दर १४ टक्के, मुदत ५ वर्षं, असं धरा. हप्ता साधारण ११,६३४ रुपये बसतो आणि पाच वर्षांत जवळजवळ ६ लाख ९८ हजार परत जातात. व्याजच दोन लाखांच्या घरात. पण मला आकड्यापेक्षा हप्ता भरतानाची भावना महत्त्वाची वाटते. ड्राझेन प्रेलेक आणि जॉर्ज लोवेनस्टाइन या दोन अभ्यासकांनी १९९८ मध्ये नेमकं यावर लिहिलं. त्यांनी लोकांना विचारलं, सुट्टीतल्या सहलीचे पैसे आधी हप्त्याहप्त्याने भराल की नंतर? आणि वॉशिंग मशीनचे? सहलीचे पैसे आधीच संपवून टाकायला लोक राजी होते, मशीनचे मात्र वापरता वापरता नंतर भरले तरी चालतील म्हणाले. मशीन रोज समोर दिसतं, त्याचा उपयोग होत असतो, म्हणून हप्ता बोचत नाही. सहल संपलेली असते.

लग्नाचं तसंच आहे. हॉल, केटरिंग, मानपान, सगळं दोन दिवसांत होऊन जातं आणि ११,६३४ रुपये साठ महिने मागे लागतात. अशा कर्जदाराला दर महिन्याला वाटतं की आपण कशाचे पैसे भरतोय हेच कळत नाही. घराच्या कर्जात असं होत नाही, कारण त्या घराच्या भिंतीला टेकूनच माणूस बसलेला असतो. म्हणून डोंबिवली-विरारच्या वन-बीएचकेचा हप्ता पोटाला चिमटा काढून भरणारा माणूस लग्नाच्या लोनचा हप्ता ढकलताना मी पाहिला आहे. त्यात लबाडी नसते. त्याच्या मनात दोन्ही कर्जांचं वजन वेगळं असतं, एवढंच.

मनातल्या या वेगवेगळ्या डब्यांना रिचर्ड थेलर या अर्थशास्त्रज्ञाने मनातला हिशेब असं म्हटलं. त्यांना पुढे २०१७ मध्ये नोबेल मिळालं. आपल्या आया डाळीच्या डब्यात, गव्हाच्या डब्यात वेगवेगळे पैसे ठेवायच्या, अगदी तसंच मन करतं. मंगळसूत्र गहाण टाकून काढलेलं कर्ज बघा. गळ्यातलं सोडवायचं म्हणून माणूस डबल ड्यूटी करतो, सणाचे कपडे टाळतो, दर महिन्याचं व्याज वेळेवर भरतो. त्याच माणसाचं क्रेडिट कार्ड थकलेलं असतं आणि त्याला ते कर्ज वाटतच नाही. मी कितीतरी अर्जांवर 'इतर कर्ज' या रकान्यात 'नाही' लिहिलेलं वाचलं आहे. विचारलं की उत्तर यायचं, "कार्ड आहे ना, लोन नाही."

कार्डाच्या बाबतीत मनाची आणखी एक खोड आड येते. आज हातातून जाणारा रुपया मोठा वाटतो आणि पुढच्या वर्षी जाणारे दहा रुपये लहान. बिलावर 'मिनिमम ड्यू', म्हणजे निदान एवढं तरी भरा अशी रक्कम, लिहिलेलं असतं आणि तेवढं भरलं की सुटल्यासारखं वाटतं. कार्डावर १ लाख थकलेत, व्याज महिन्याला साडेतीन टक्के आणि मिनिमम एकूण बिलाच्या ५ टक्के, असं धरून चला. पहिल्या महिन्यात ३,५०० रुपये व्याज लागतं, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ६३०. बिल झालं १,०४,१३०. तुम्ही सुमारे ५,२०० भरता आणि कर्ज कमी होतं जेमतेम हजार-अकराशेनं. नवीन एक रुपयाही न खर्चता वर्षभर असंच केलं तर खिशातून जवळपास ५९ हजार जातात आणि कर्ज उरतं सुमारे ८८ हजार. हे गणित मी कागदावर करून दाखवलं की समोरचा माणूस आधी माझ्याकडे संशयाने बघायचा, मग स्वतःच्या मोबाइलवर पुन्हा करायचा. शिकलेल्या, ऑफिसात हिशेब सांभाळणाऱ्या माणसांनीही हे कधी करून पाहिलेलं नसायचं, कारण तो आकडा बघायचाच नव्हता.

न बघणं. या सगळ्या विषयात मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते हेच, आणि त्याचं मूळ आपल्याकडे लाजेत आहे.

'पत' हा शब्द घ्या. पत म्हणजे उधारी मिळण्याची लायकी, आणि पत म्हणजे समाजातली इज्जत. एकाच शब्दात दोन्ही. पतपेढी, पतसंस्था याच शब्दापासून झाल्या. मराठी माणसाचा हप्ता चुकतो तेव्हा त्याच्या मनात रक्कम नंतर येते, आधी इज्जत जाते. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल की हे चांगलंच आहे, लाजेने तरी माणूस भरेल. बावीस वर्षांत मला बहुतेक वेळा उलटं दिसलं. लाज वाटणारा माणूस भरण्याआधी लपतो. नंबर बदलतो, ऑफिसातून उशिरा निघतो, बायकोला सांगत नाही. पहिला हप्ता झाकायला दुसरीकडून घेतो, दुसरा झाकायला मोबाइलवरच्या लोन ॲपवरून, आणि याची टोपी त्याला करत करत ४० हजारांची अडचण चार लाखांची होते. माझ्याकडे अशी एक बाई आली होती जिला नवऱ्याची पाच कर्जं एकाच दिवशी कळली, तीही शेजारणीकडून. पहिल्या महिन्यात त्याने घरात सांगितलं असतं तर तिची एक बांगडी विकून प्रश्न मिटला असता; हे तिनेच मला सांगितलं.

सदसद्विवेक आणि लाज यांत फरक आहे आणि तो नीट समजून घ्यायला हवा. इंडोनेशियातल्या एका मोठ्या इस्लामिक बँकेत लिओनार्दो बर्स्टिन आणि सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. क्रेडिट कार्डाचं बिल थकवलेल्या ग्राहकांना एक मेसेज गेला: फेडण्याची ऐपत असूनही कर्ज न फेडणं हा अन्याय आहे. धर्मवचनातला हा विचार वाचून पैसे भरणाऱ्यांचं प्रमाण ठळकपणे वाढलं. त्यात 'ऐपत असूनही' हे शब्द आहेत. मेसेज एकट्याच्या फोनवर आला, चार लोकांत नाही. मनाला हाक मारली, दारावर थाप मारली नाही. चाळीच्या गॅलरीत उभं राहून मोठ्याने नाव घेणाऱ्या वसुलीवाल्याने नेमकं उलटं होतं. ज्या माणसाला हिशेब करून चार वाटा शोधायच्या असतात, त्याचं डोकं फक्त तोंड कुठे लपवू यात अडकतं. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं आहे की वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, चारचौघांत अपमान करायचा नाही, नातेवाईक-मित्रांच्या खाजगी आयुष्यात घुसायचं नाही. हा नियम माणुसकीचा आहेच, माझ्या मते तो वसुलीच्याही फायद्याचा आहे.

मग कर्ज फेडायला लावतं काय? बऱ्याच अंशी चेहरा. माझे वडील गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार घरी बसले आणि आमच्या खोलीत पगार येणं थांबलं. वाण्याच्या वहीत आमचं पान भरत गेलं. पुढे वडिलांनी मिळेल ते काम केलं आणि हातात पैसे आले की सर्वात आधी वाणी. पतसोसायटीचं कर्ज, नातेवाइकांची उसनवारी, सगळं नंतर. मी मोठी झाल्यावर आईला कारण विचारलं. ती म्हणाली, "मला रोज त्याच दुकानावरून जायचं होतं."

कोलकात्यातल्या एका अभ्यासात हेच वेगळ्या रीतीने दिसलं. छोटी कर्जं घेणाऱ्या बायकांच्या काही गटांची बैठक दर आठवड्याला ठेवली, काहींची महिन्यातून एकदा. पहिल्या कर्जात आठवड्याला भेटलेल्या बायकांनी त्यानंतरचं दुसरं कर्ज बुडवण्याचं प्रमाण महिन्याला भेटलेल्यांपेक्षा साधारण तीन पटीने कमी निघालं. एकमेकींशी ओळख वाढली, अडचणीत सांभाळून घेणं वाढलं. आपल्या बचत गटांच्या ताया हे संशोधन न वाचता जाणतात. मोबाइलवर तीन मिनिटांत मिळणाऱ्या कर्जाला चेहराच नसतो, म्हणून ते घ्यायला सोपं आणि विसरायलाही सोपं.

पतपेढीत चेहरा म्हणजे जामीनदार. दोन सहकाऱ्यांच्या सह्या लागतात, आणि कॅन्टीनमध्ये चहा पिता पिता त्या होऊनही जातात. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम १२८ सांगतं की जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते. म्हणजे संस्था आधी कर्जदाराच्या मागे लागेल आणि काहीच न मिळाल्यावर आपल्याकडे येईल, ही समजूत चूक आहे. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला निघाला की त्यात जामीनदाराचंही नाव असतं. मैत्रीत 'नाही' म्हणता येत नाही म्हणून सही करणं हीसुद्धा पैशाबद्दलची वृत्तीच आहे, आणि तिची किंमत दुसऱ्याच्या सवयीवर ठरते.

पगारदारांच्या पतसोसायट्यांनी यावर साधा उपाय काढला. हप्ता पगारातूनच कापायचा. महापालिका, बेस्ट, रेल्वे, गोदी, कुठलाही जुना कर्मचारी विचारा, "सोसायटी कापून हातात किती" ही त्याची बोलायची रीतच आहे. तिथे मनाला विचारण्याचा प्रसंगच येत नाही. ज्यांना स्वतःचा स्वभाव ठाऊक आहे त्यांनी हेच घरी करावं: पगाराच्या दुसऱ्या दिवसाची हप्त्याची तारीख मागून घ्यावी, पंचवीस तारखेची नको. पंचवीसला खात्यात काय उरतं ते आपल्या सगळ्यांना माहीत आहे.

आणखी एक वाक्य मी शेकडो वेळा ऐकलं. "मोठमोठे हजारो कोटी बुडवून परदेशात बसलेत, माझ्या पन्नास हजारांनी बँक बुडणार आहे का?" हा राग खोटा नाही, मलाही तो येतो. पण त्याचा परिणाम काय होतो ते बघा. अमेरिकेत २००८ च्या मंदीनंतर ऐपत असूनही घराचं कर्ज सोडून देणाऱ्यांचा एक अभ्यास झाला. ज्यांच्या ओळखीत कुणी असं केलं होतं, त्यांनी आपणही करू असं सांगण्याची शक्यता ८२ टक्क्यांनी जास्त होती; आणि ज्यांना ते अनैतिक वाटत होतं त्यांच्यात ती ७७ टक्क्यांनी कमी होती. बुडवणं ओळखीतून पसरतं. शिवाय बातमीतलं 'राइट-ऑफ' म्हणजे कर्जमाफी असं लोक धरतात, ते तसं नाही. बँक आपल्या ताळेबंदातून ती रक्कम बाजूला काढते, वसुली चालूच राहते.

इथे मला एक गोष्ट ठामपणे सांगायची आहे, कारण 'वृत्ती' म्हटलं की सगळा दोष गरिबाच्या माथी मारायला सोपं पडतं. तमिळनाडूत ४६४ ऊस शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या होत्या, एकदा कापणीच्या आधी, हात तंग असताना, आणि एकदा कापणीनंतर पैसे आल्यावर. तेच शेतकरी कापणीआधी कमी गुण मिळवत होते. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. टंचाई माणसाचं लक्ष खाऊन टाकते. आजारपण, सुटलेली नोकरी, बंद पडलेली रिक्षा यांतून आलेली थकबाकी वृत्तीची नसते; पण ती आल्यानंतर माणूस काय करतो, तिथे वृत्ती आत शिरते.

आणि त्या क्षणाला मुदती असतात. बँकेच्या वहीत पहिल्या दिवसापासून ३० दिवसांपर्यंत थकलं की पहिला इशारा, ३१ ते ६० दुसरा, ६१ ते ९० तिसरा. ९० दिवस ओलांडले की खातं एनपीए, म्हणजे अनुत्पादक, थकीत कर्ज. गृहकर्ज असेल तर त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे तारण ठेवलेलं घर ताब्यात घ्यायच्या कायद्याखाली, ६० दिवसांची नोटीस येते. म्हणजे पहिला हप्ता चुकल्यापासून बोलायला बरेच महिने असतात आणि लपणारा माणूस नेमके तेच घालवतो. पहिल्या पंधरा दिवसांत शाखेत जाऊन लेखी अर्ज दिला तर मुदत वाढवून हप्ता कमी करून मिळू शकतो. एनपीए झाल्यावर उरते ती सेटलमेंट, म्हणजे काही रक्कम सोडून केलेली तडजोड, आणि थोडे पैसे सुटले या आनंदात लोक विसरतात की सिबिलवर 'सेटल्ड' असा शेरा वर्षानुवर्षं राहतो. वसुलीवाले छळत असतील तर आधी बँकेकडेच लेखी तक्रार द्यावी; दखल घेतली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ती विनाशुल्क करता येते. आमच्यासारख्या पतपेढ्या मात्र सहकार खात्याखाली येतात, तिथे उपनिबंधकांच्या ऑफिसात जावं लागतं.

निवृत्त होण्याच्या आदल्या वर्षी करी रोडचा एक सभासद महिन्याच्या तीन तारखेला आला. हप्ता दहाला होता. बायकोला बरोबर आणलं होतं, दोघांची पासबुकं, आणि शाळेच्या वहीच्या पानावर महिन्याचा खर्च लिहिलेला. कंपनीने पगार निम्म्यावर आणला होता. घसा खाकरून म्हणाला, "ताई, मला बुडवायचं नाही, पण एवढा नाही जमणार." संचालक मंडळाने चोवीस महिन्यांचे छत्तीस करून दिले. मी निवृत्त झाल्यावरही मधेमधे ऑफिसात जात असे. शेवटचा हप्ता भरायला तो आला त्या दिवशी मी योगायोगाने तिथेच होते. त्याचा जामीनदारही सोबत होता. बेबाकी दाखल्याची एक झेरॉक्स त्यालाही हवी होती.